सदतिसावं चित्र

वसमतमध्ये सबीहाचं शिवणाचं दुकान विचारलं तर चार जण चार बोळ दाखवतील. पण 'फ्रान्सवाल्या भाभी' म्हटलं की मोंढ्यातला हमालसुद्धा पाठीवर हळदीचं पोतं असताना मानेनंच रस्ता दाखवतो. बसस्थानकाच्या मागं तिच्या नवऱ्याचं, हाशिमचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरून आलेल्या जळक्या पंपांचा ढीग ओलांडायचा, हिरवा पडदा बाजूला सारायचा, की सबीहाची खोली. दोन मशिनी, कापडं कापायचा टेबल आणि भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. कपाटाच्या वरच्या खणात गिऱ्हाइकांचे कपडे, खालच्या तीन खणांत पुस्तकं. एकतीस पुस्तकं. सगळ्या फ्रेंच कादंबऱ्या, सगळ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी छापलेल्या आणि सगळ्या चित्रांच्या.

हा नाद तिला लागला तो एका बाहीपायी.

तेरा-चौदा वर्षं झाली असतील. भाच्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला घरची सगळी मंडळी हैदराबादला गेली होती. रविवार होता. नणंदा जेवायला बसल्या आणि सबीहा जरा पाय मोकळे करायला म्हणून आबिडच्या फुटपाथवर आली. तिथं जुनी पुस्तकं मांडून ठेवलेली असतात. पुस्तकांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. कळमनुरीच्या उर्दू शाळेत दहावी झाली आणि त्यानंतर हातात जी कात्री आली ती आलीच. पण चालता चालता एका उघड्या पुस्तकावर तिची नजर पडली आणि ती रस्त्यातच उकिडवी बसली.

चित्रात एक बाई जिन्यावर उभी होती, पाठमोरी. खांद्याजवळ बाही फुग्यासारखी भरलेली, कोपरापासून खाली मात्र कातडीसारखी घट्ट. आणि मधे शिवण कुठं दिसतच नव्हती.

"लेना है तो लो बेटा, रास्ता मत रोको," पुस्तकवाला म्हातारा म्हणाला.

"इसकी सिलाई किधर गयी?" सबीहानं विचारलं.

म्हातारा हसायला लागला. चाळीस वर्षं पुस्तकं विकत होता, पण पुस्तकातल्या बाईच्या शिलाईबद्दल कुणी विचारलं नव्हतं. कुठून आलीस म्हणून त्यानं विचारलं. वसमत, माहेर कळमनुरी, असं ऐकल्यावर त्यानं चष्माच वर केला. "कळमनुरी? अरे, माझी नानी कळमनुरीची!" पुस्तकांचा एक गठ्ठा सरकवून त्यानं तिला बसायला जागा केली. चहा मागवला. त्याचं नाव खाजा मिया. त्यानं सांगितलं, ही फ्रेंच कादंबरी आहे; जुन्या नवाबी घरांत मुलींना फ्रेंच शिकवायला बाया यायच्या, त्यांच्यासाठी ही पुस्तकं यायची, आता घरं पडतात तशी पुस्तकं रद्दीत येतात. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. दोन ब्लाउजांच्या शिलाईत त्यानं ते लाल पुठ्ठ्याचं, सोनेरी वेलबुट्टीचं पुस्तक तिला देऊन टाकलं.

घरी आल्यावर हाशिमनं पानं उलटून पाहिली. "वाचता येत न्हाई ते काहून घेतलंस?"

"बाही वाचली की," सबीहा म्हणाली.

ती बाही वाचायला तिला दोन महिने लागले. चित्रात मापं नसतात, नुसत्या रेघा असतात. तिनं खाकी कागदावर सात वेळा बाही कापली आणि सात वेळा फाडली. आठव्या वेळी तिच्या लक्षात आलं की कापड उभं धरायचंच नाही, तिरपं धरायचं. मग शिवण आपोआप काखेखाली जाऊन बसते आणि चुन्या मुंढ्यात लपतात. त्या दिवशी तिनं कात्री खाली ठेवली आणि एकटीच हसत बसली. पलीकडून हाशिमनं विचारलं, "काय झालं?" तर ती म्हणाली, "सापडली."

पहिली बाही गेली करुणाच्या ब्लाउजला. करुणा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सव्वीस जानेवारीला नवं ब्लाउज पाहिजे, काहीतरी येगळं करा भाभी, असं तीच म्हणाली होती. झेंडावंदनाला ती ते घालून गेली तेव्हा एका सहकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, खांद्यावर काय घेऊन आलात?" सगळे हसले. करुणा घरी न जाता तशीच सबीहाकडे आली आणि म्हणाली, "हसू द्या. आरशात पाहिलं मी सोताला. असं मी कवाच दिसले न्हवते." तीन आठवड्यांत त्याच तालुक्यातल्या अकरा शिक्षिकांनी तसलंच ब्लाउज शिवून घेतलं. पुढं नवऱ्या मुली हिंगोलीहून, औंढ्याहून यायला लागल्या. येऊन म्हणायच्या, "फ्रान्सची बाही पायजे."

एवढ्यावर थांबली असती तर सबीहा एक नावाजलेली टेलर झाली असती, बास. पण ती वर्षातून दोनदा लेस आणायच्या निमित्तानं हैदराबादला जायला लागली आणि प्रत्येक वेळी एक-दोन पुस्तकं घेऊन यायला लागली. हळूहळू बाहीच्या पलीकडचं दिसू लागलं. चित्रावर एक पातळ, कांद्याच्या सालीसारखा कागद असतो. तो शाबूत असेल तर चित्र ताजं राहतं. चित्राच्या कोपऱ्यात दोन सह्या असतात, डावीकडं चित्र काढणाऱ्याची, उजवीकडं ते लाकडावर कोरणाऱ्याची. ही कोरणाऱ्याची सही तिला फार आवडायची. म्हणायची, "एकानं डिझाइन काढलं, दुसऱ्यानं शिवलं. आन दोघांचंबी नाव हाय." आमच्या धंद्यात शिवणाऱ्याचं नाव कोण लिहितं, हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षापासून तिनं ब्लाउजच्या आत, गळ्यापाशी, लाल दोऱ्यानं एक बारीक 'स' घालायला सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट तिला कळली, ती म्हणजे पुस्तकं शिवलेलीच असतात. एका पुस्तकाचा कणा सुटला होता. आत डोकावली तर फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, त्यांच्या घडीत टाके, टाक्यांत दोरा. तिनं दोऱ्याला मेण लावलं, जुन्याच भोकांतून सुई नेली आणि ते पुस्तक असं बांधलं की खाजा मियानं हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. त्यानंतर त्यांचा करार ठरला. खाजा मिया मोडकी पुस्तकं पिशवीभर द्यायचा, सबीहा ती शिवून आणायची आणि त्या बदल्यात एखादं फ्रेंच पुस्तक तिचं. हाशिमनं तिला मोटारीच्या जुन्या लोखंडी प्लेटा आणि चार बोल्ट लावून पुस्तक दाबायचा शिकंजा करून दिला. "पंपापेक्षा हे बरंय," तो म्हणायचा, "जळत न्हाई." कसर लागू नये म्हणून कपाटात लिंबाचा पाला आणि लवंगा. त्यामुळं सबीहाकडून आणलेल्या ब्लाउजला पहिल्या दिवशी मसालेभातासारखा वास येतो, अशी गावात थट्टा होती.

असं सगळं मजेत चाललं असताना खाजा मियाकडून पाणचक्कीचं पुस्तक आलं.

निळ्या कापडी पुठ्ठ्याचं जाड पुस्तक. आत एका मुलीची चित्रं. पहिल्या चित्रात ती हातात बोचकं घेऊन नदीकाठच्या पाणचक्कीसमोर उभी आहे आणि दारात एक रागीट म्हातारा. मग ती पोती उचलते आहे, पिठानं पांढरी झाली आहे, कुणी कोट घातलेला माणूस तिला कागद दाखवतो आहे, ती कागद चुलीत टाकते आहे. सबीहानं पुस्तक टेबलावर ठेवलं होतं. माप द्यायला आलेल्या जनकाबाईंनी ते पाहिलं आणि माप द्यायचं विसरून गेल्या.

जनकाबाई सत्तरीला टेकलेल्या. हंगामात मोंढ्यात हळद निवडायला जायच्या, लेकीकडे राहायच्या. अक्षरओळख नव्हती, पण चित्र दिसलं की त्यांना माणसं ओळखीची वाटायची. "ही पोरगी बिनमायची हाय," पहिलंच चित्र बघून त्या म्हणाल्या. "बोचकं बघ कसं धरलंय. माय असती तर बोचक्याला गाठ नीट असती." आणि त्यांनी तिचं नाव ठेवलं मैना.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. सोबत दोघीजणी. शुक्रवारी दुकानाला सुट्टी असायची, तर शुक्रवारची दुपार मैनेची ठरून गेली. पुस्तकाला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, कारण मोंढ्यातून आलेल्या बायांचे हात पिवळेजर्द असायचे. नियम व्हायच्या आधी जनकाबाईंचा अंगठा बाराव्या चित्राच्या कडेला उमटला होता तो अजूनही तिथं आहे. पानं सबीहा उलटायची, गोष्ट जनकाबाई सांगायच्या, आणि भांडायचं काम सकाळची शाळा आटोपून येणाऱ्या करुणाकडं. "मावशे, त्या कोटवाल्याशी तिचं लगीन ठरलंय, तुमी त्याला सावकार काहून करून राहिल्या?" "लगीन ठरलेला माणूस असा टोपी घालून घरात उभा राहतो व्हय?"

भांडण खरं पेटलं ते शेवटाला. पुस्तकाच्या मागं चित्रांची यादी होती, नुसते आकडे आणि पानं. बेचाळीस आकडे होते. सबीहानं मोजली तर चित्रं एकेचाळीस. सदतिसावं नव्हतं. पानाच्या मुळाशी ब्लेडनं कापल्यासारखी एक सरळ कड तेवढी उरली होती. छत्तिसाव्या चित्रात पूर आलेला, मैना नावेत बसून निघालेली, आणि काठावर म्हातारा हात वर करून उभा, हातात काहीतरी. अडतिसाव्या चित्रात एकदम टेबलावर जेवण आणि सगळे हसताहेत. मधे झालं काय?

"काठी हाय त्याच्या हातात," जनकाबाई म्हणाल्या. "हाकलून देऊन राहिला."

"चिठ्ठी हाय," करुणा म्हणाली. "त्या कोटवाल्याची."

सबीहा पुस्तकावर वाकली. बराच वेळ बघत राहिली. "काठीबी न्हाई, चिठ्ठीबी न्हाई. कपडा हाय तो. मुठीतून घडी लोंबकळतीय बघा. ही रेघ कागदाची नसती."

करुणानं फोन काढला. आता फोन वाचून दाखवतो म्हणाली. पानाचा फोटो घेतला, आणि फोननं मराठीत सांगितलं, "चक्कीने आपल्या मेहुण्याला ओले केले आणि गुरुवार निघून गेला." बाया एवढ्या हसल्या की पलीकडून हाशिम पान्हा हातात घेऊन बघायला आला. जुना छापा, पुसट अक्षरं, त्या यंत्राचा तरी काय दोष. पण त्या दिवशी सबीहाच्या मनात पहिल्यांदा आलं की चित्रांच्या शेजारी जी काळी अक्षरं आहेत ती कुणीतरी वाचण्यासाठीच छापलेली आहेत.

मग लॉकडाऊन आला. लग्नं थांबली, शाळा थांबल्या, मशिनी थांबल्या. सबीहाचं वय तेव्हा बेचाळीस. फोनवर फ्रेंच शिकवणारे व्हिडिओ फुकट होते. खाजा मियानं पूर्वी कधीतरी दिलेला फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश होता. इंग्रजी तिचं यथातथाच, त्यामुळं शब्दकोशात इंग्रजी शब्द सापडला की तो करुणाला फोन करून विचारायचा. करुणाही घरीच होती. "भाभी, ह्याचा अर्थ 'वंगण'," ती सांगायची. "आन ह्याचा 'सुस्कारा'." दोनशे पानी वही आणली. उजवीकडून उघडली की फ्रेंच शब्द उर्दू अक्षरांत, डावीकडून उघडली की अर्थ मराठीत. वर्षभरात दोन्हीकडची पानं मधे येऊन भिडली तेव्हा दुसरी वही घेतली.

गंमत अशी की जिथं लोक अडतात तिथं ती अडली नाही. व्हिडिओतली बाई सांगायची, हा 'र' घशातून काढा, अवघड आहे, सराव करा. सबीहा म्हणाली, "हा तर आपला उर्दूतला गैन हाय." नाकातला सूर काढा म्हटलं तर, "नून-गुन्ना." करुणा तिकडं फोनवर घसा खरवडून खरवडून दमायची आणि इकडं सबीहा पान लावल्यासारखी सहज बोलायची. अडली ती दुसरीकडंच. शब्दात अक्षरं सात लिहायची आणि म्हणायची चार. हा काय प्रकार, म्हणून दोन दिवस चिडून होती. मग स्वतःच म्हणाली, "मार्जिन ठेवलंय. आत दुमडलेलं असतंय, दिसत न्हाई, पण उद्या लागलं तर असावं."

दुकान उघडल्यावर शुक्रवारही पुन्हा सुरू झाले, पण आता सबीहा वाचून दाखवू लागली. आठवडाभरात जेवढं उलगडेल तेवढं. कधी तीन पानं, कधी अर्धं. आधी फ्रेंच वाचायची, कारण जनकाबाईंना तो आवाज आवडायचा. मग मराठी करून सांगायची. पहिल्याच दिवशी कळलं की मुलीचं नाव क्लेमांस.

"क्लेमांस-बिमांस न्हाई," जनकाबाई म्हणाल्या. "मैनाच."

"पुस्तकात लिव्हलंय मावशी."

"त्यानं लिव्हलं असंल. लेकरू आमी वाढवलंय."

तेव्हा मैनाच राहिली. गोष्ट मात्र बायांनी रचली होती तशी निघेना. कोटवाला सावकारही नव्हता आणि नवराही नव्हता, तो म्हाताऱ्याचा भाचा होता आणि चक्की विकायला बघत होता. जनकाबाई एकदा एवढ्या रागावल्या की दोन शुक्रवार आल्या नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, सांग. काय करून राहिला तो भाचा?" पण एका गोष्टीवर त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. चौथ्या प्रकरणात निघालं की मैनेची आई ती तान्ही असतानाच वारली होती. जनकाबाईंनी नुसतं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं.

दोन वर्षं तीन महिने गेले. हिवाळ्याचे दिवस होते, मोंढ्यात हळद अजून आली नव्हती, म्हणून सगळ्याजणी मोकळ्या होत्या. त्या शुक्रवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आज ते पान आहे हे सगळ्यांना कळलं होतं. हाशिम पडद्याच्या पलीकडं उभा राहिला, आपण काही ऐकत नाही असं दाखवत. सबीहानं ती पानं आधी वाचून ठेवली नव्हती. एका बैठकीत सगळ्यांसोबतच वाचायची, असं तिनं ठरवलं होतं. शब्दकोश करुणाच्या मांडीवर.

भाच्यानं मैनेला चोर ठरवलं होतं. म्हाताऱ्यानं त्याचं ऐकून घेतलं आणि काही बोलला नाही. मैना कुणाचा निरोप न घेता पुरात नाव घालून निघाली. इथपर्यंत झालं होतं. सबीहा बोट ठेवून ओळ ओळ वाचू लागली. म्हातारा धावत काठावर आला. त्याच्या हातात होता...

"ताब्लिये," सबीहानं वाचलं. करुणानं पानं उलटली. इंग्रजी शब्द वाचला. मग म्हणाली, "भाभी, ॲप्रन. सैपाक करताना, काम करताना पुढं बांधतात तो."

"कपडाच की!" हाशिम पडद्यामागून ओरडला.

 सबीहानं पुढचं वाक्य दोनदा वाचलं, मग मराठीत सांगितलं. म्हातारा पाण्याच्या आवाजावर ओरडून म्हणतो: "तू तुझा ॲप्रन विसरलीस. उद्या दळण कोण घेणार?"

माफ कर नाही, परत ये नाही. आयुष्यात कुणाला 'थांब' म्हणायची सवय नसलेल्या माणसानं एवढंच म्हटलं. आणि नावेत मैना हसली आणि तिनं वल्हं उलटं मारलं.

खोलीत कुणी डोळे पुसत होतं, कुणी हसत होतं. जनकाबाई दोन्ही करत होत्या. "आमचे हेबी असेच होते," त्या म्हणाल्या. "भांडण झालं की म्हनायचे, चहात साखर कमी हाय. म्हंजे समजून घ्यायचं."

दुसऱ्या दिवसापासून सबीहानं सदतिसावं चित्र करायला घेतलं. जुनं पांढरं मलमल, काळा एकेरी दोरा. कोरलेल्या रेघेला उलटी टीप, सावलीला जवळजवळ घातलेला धावदोरा, पाण्याला साखळी टाका. हातात गिऱ्हाइकांची कामं होतीच, त्यामुळं दुपारच्या जेवणानंतरचा अर्धा तास तेवढा मिळायचा. नदी झाली, नाव झाली, नावेत हसणारी मैना झाली, वर धरलेला ॲप्रन तर इतका सुरेख झाला की वाऱ्यानं हलेल असं वाटावं. पण म्हाताऱ्याचा चेहरा जमेना. तिनं तो चार वेळा उसवला. रागीट केला तर हाकलतो आहे असं वाटायचं, रडका केला तर म्हातारा वाटायचाच नाही. शेवटी पाचव्यांदा जमला तेवढ्यावर समाधान मानलं. कापडाला मागून कागद लावला आणि ते चित्र त्या कापलेल्या कडेपाशी, न चिकटवता, नुसतं ठेवून दिलं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आसपास खाजा मियाचा फोन आला. आता तो फार थकला होता, फुटपाथवर रविवारी तासभरच बसायचा. "तेरी पनचक्की आयी है," तो म्हणाला. "दुसरी कॉपी. पूरी बयालीस."

सबीहा एकटी जाणार होती. पण जनकाबाईंनी लेकीला न विचारताच पिशवी भरली. नांदेडच्या पुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. हैदराबादचं स्टेशन, रिक्षा, चार मजली दुकानं सगळं त्यांनी असं पाहिलं जणू सगळं त्यांच्यासाठीच मांडून ठेवलं आहे. खाजा मियानं त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसला. पुस्तक फडक्यात गुंडाळलेलं होतं. सबीहानं हात पुसले, पानं उलटली, पातळ कागद हळूच उचलला.

चित्रात नदी होती, दूरवर तांदळाएवढी नाव होती, आणि काठावर म्हातारा, पाठमोरा. चेहरा नव्हताच. वर धरलेला ॲप्रन आणि खाली वाकलेले खांदे.

 एका चेहऱ्यासाठी सबीहानं चार वेळा उसवलं होतं. जनकाबाई पुढं झुकल्या, डोळे बारीक केले आणि सावकाश म्हणाल्या, "रडून राहिला ना तो. म्हनून चित्रवाल्यानं त्याला तिकडं फिरवलं. मानसाची लाज राखली."

खाजा मियानं व्यवहाराची गोष्ट काढली. पुण्याचं एक गिऱ्हाईक हे पुस्तक मागत होतं, भाव मोठा होता, तो सबीहाला झेपणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. पण एक तोड आहे, तो म्हणाला. हे एक पान अलगद कापून तुझ्या पुस्तकात बसव. पुण्याच्या माणसाला फ्रेंच येत नाही, तो मोजणारही नाही.

"नक्को," सबीहा म्हणाली. "मग तिकडं कुनीतरी एकेचाळीस मोजत बसंल."

खाजा मियानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बेटा, एक बात बोलूँ?" जवानीत तो चित्रं कापून विकायचा. हॉटेलवाले, डॉक्टर फ्रेम करून भिंतीला लावायचे. एका पुस्तकापेक्षा चार चित्रांचे जास्त पैसे यायचे. नदीनाल्याची चित्रं तर हातोहात जायची. "तुझ्या पुस्तकातलं हे चित्र बहुतेक मीच कापलं असंल. कुठल्यातरी दाताच्या डॉक्टरकडं लटकत असंल."

सबीहा त्याच्याकडं बघतच राहिली. आठ वर्षांची भांडणं, दोन वह्या, शब्दकोश, घशातला गैन, सगळं या म्हाताऱ्याच्या एका ब्लेडनं झालं होतं. तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिचं बघून जनकाबाई हसल्या, मग खाजा मियाही तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. "म्हंजे," जनकाबाई म्हणाल्या, "तुमी कापलं म्हनून, न्हाईतर आमी कशाला शिकलो असतो!" त्या स्वतः एक अक्षर शिकल्या नव्हत्या, पण त्यांचं 'आमी' कुणी खोडलं नाही.

सबीहानं आपलं मलमलवरचं चित्र पिशवीतून काढून त्याला दाखवलं. त्यानं ते भिंगातून पाहिलं, टाका न् टाका. मग विचारलं, विकणार का. ती नाही म्हणाली तेव्हा तो खूश झाल्यासारखा दिसला. निघताना त्यानं फुटपाथवरच्या गठ्ठ्याकडं हात केला. "एक घेऊन जा. जुर्माना समज. माझा." सबीहा वाकणार तोच जनकाबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी पाच-सहा पुस्तकं पुढं ओढली, चित्रं बघितली, दोन बाजूला टाकली आणि एक हिरव्या पुठ्ठ्याचं उचललं. त्यात एक घड्याळजी होता, बकरी पाळणारी एक विधवा होती आणि एक भला मोठा मनोरा.

परतीची गाडी दुपारची होती. खिडकीची जागा मिळाली. सबीहानं पुस्तक मांडीवर उघडलं आणि शब्दकोश न काढता पहिलं वाक्य वाचायला सुरुवात केली. अडखळत, पण वाचलं. समोरच्या बाकावरच्या दोन बाया चित्र बघायला सरकून आल्या. त्यांना जनकाबाईंनी जवळ बसवून घेतलं आणि सांगायला लागल्या. निजामाबाद यायच्या आत त्यांनी घड्याळजीचं त्या विधवेशी लग्नही लावून दिलं. सबीहा अजून पहिल्याच पानावर होती.